आधी कानाला, मग वहीला : अलंकार, ओवी, अभंग आणि जुन्या मराठी कवितेची गोडी



"उपमा अलंकार म्हणजे काय?" असं वर्गात विचारलं की दोन-चार हात पटकन वर होतात. पाठ केलेली व्याख्या एका दमात बाहेर येते, उदाहरणही गाईडमधलंच येतं. लगेच दुसरा प्रश्न विचारा, "या कवितेत तुला काय आवडलं?" आता मात्र वर्ग शांत! कुणी खाली बघतं, कुणी बाकावर बोटाने रेघा ओढतं.

हे चित्र तुमच्याही शाळेत असेल, घरीही असेल. मुलांना संज्ञा येतात, पण ज्याच्यासाठी त्या संज्ञा केल्या ते साहित्य मात्र दूरच राहतं. ज्ञानेश्वरी, तुकारामांची गाथा, रामदासांचे श्लोक, एकनाथांची भारुडं ही नावं मुलांना "कवी व कवितासंग्रह जोड्या लावा" एवढ्यापुरतीच माहीत असतात. असंच चाललं, तर आपल्या भाषेतलं सगळ्यात मोलाचं धन मुलांना परकं वाटू लागेल. म्हणून आज याच विषयावर जरा सविस्तर बोलू.

संज्ञा कशासाठी असतात?

कबड्डीचं उदाहरण घेऊ. चढाई, पकड, बोनस, लोण हे शब्द आपल्या मुलांना कुणी व्याख्या सांगून शिकवले का? नाही ना! मूल आधी मैदानाच्या कडेला उभं राहून खेळ बघतं, मग स्वतः खेळतं, धूळ खातं. खेळता खेळता कुणीतरी ओरडतं, "अरे, लोण बसला!" त्या क्षणी शब्द आणि गोष्ट एकत्र डोक्यात बसतात. पुढच्या सामन्यात त्याच मुलाला जास्त दिसतं, कारण काय बघायचं ते आता त्याला कळलेलं असतं.

साहित्यातल्या संज्ञांचंही असंच आहे. कविता आधी झाली, नाव नंतर मिळालं. आपल्या कानाला जे गोड लागलं, डोळ्यांपुढे जे चित्र उभं राहिलं, त्याला जाणकारांनी नावं दिली. आपण मात्र वर्गात उलटं करतो. आधी नाव, मग व्याख्या, मग उदाहरण आणि वेळ उरला तर कविता.

म्हणून क्रम असा ठेवू या : ऐका, ओळखा, नाव द्या आणि पुन्हा ऐका. यातली शेवटची पायरी सगळ्यात महत्त्वाची. नाव कळल्यावर तीच कविता परत ऐकली की पहिल्यापेक्षा जास्त ऐकू आली पाहिजे. तसं झालं तर संज्ञा कामाला आली.

कोणतीही कविता ऐकवल्यावर मुलांना तीनच प्रश्न विचारायचे.

१) कानाला काय ऐकू आलं?
२) डोळ्यांपुढे काय दिसलं?
३) कोण बोलतंय आणि कुणाशी?

जवळजवळ सगळ्या संज्ञा या तीन प्रश्नांच्या उत्तरांत बसतात. एकेक बघू. खालची उदाहरणं वर्गासाठी मी स्वतः जुळवलेली आहेत, त्यामुळे त्यांत मोठं काव्य शोधू नका. मुलं याहून छान करतात!

पहिला प्रश्न : कानाला काय ऐकू आलं?

*अनुप्रास.* "काळ्या कोंबडीने कोपऱ्यातला कोंडा उकरला." हे वाक्य भरभर तीनदा म्हणायला सांगा. मुलं हसतात, अडखळतात, पुन्हा म्हणतात. मग विचारा, कोणतं अक्षर सारखं सारखं आलं? 'क' पुन्हा पुन्हा आल्यामुळे वाक्याला नाद आला. या नादाचं नाव अनुप्रास. बस्स!

*यमक.* पहिली-दुसरीपासून मुलं 'शेवट सारखा असणारे शब्द' शोधत असतात. तेच पुढे यमक म्हणून भेटतं. ठरावीक ठिकाणी तीच अक्षरं पुन्हा आली की यमक जुळलं असं आपण म्हणतो. सतराव्या शतकातल्या वामनपंडितांना तर यमकाच्या आवडीमुळे 'यमक्या वामन' असं नावच पडलं. मुलांना हे टोपणनाव फार आवडतं. टोपणनाव ठेवायला लोकांनी तो नाद कानांनी टिपला होता, हेही त्यांना सांगा.

कानालाच कळणारी दुसरी गोष्ट : कवितेची चाल

इथे मुलं आणि खरं सांगायचं तर आपणही घाबरतो. ओवी, अभंग, वृत्त, मात्रा, गण! पण टाळी वाजवायला घेतली की भीती जाते.

*ओवी.* ही बघा :

पाऊस शेतात आला ।
बाबांचा सदरा ओला ।
छत्रीचाही दांडा गेला ।
हसे आई ॥

पहिल्या तीन ओळींचा शेवट सारखा आहे. चौथी ओळ आखूड आणि तिचा शेवट वेगळा. तीन पावलं टाकली आणि चौथ्याला थांबलो, असं वाटतं. ग्रंथातल्या ओवीची साधारण घडण हीच, म्हणून तिला 'साडेतीन चरणांची' म्हणतात. ज्ञानेश्वरी अशाच ओव्यांत आहे. शके १२१२ म्हणजे इ.स. १२९० मध्ये नेवाशाला सांगितलेल्या या ग्रंथात अठरा अध्याय आणि सुमारे ९,००० ओव्या आहेत. ओवीत अक्षरांचा हिशेब फार काटेकोर नसतो. त्यामुळे ती बोलण्याच्या जवळ राहते आणि समोरच्या श्रोत्यांना समजावून सांगायला सोयीची पडते.

*अभंग.* अभंगाचे मुख्य दोन प्रकार. लहान अभंगात आठ-आठ अक्षरांचे दोन चरण असतात आणि त्यांचं यमक जुळतं :

दप्तराचे झाले ओझे ।
पाठीवर भूत माझे ॥

मोठ्या अभंगात चार चरण असतात. पहिले तीन सहा-सहा अक्षरांचे, चौथा चार अक्षरांचा आणि यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं :

शाळेच्या वाटेत । चिंचेचे ते झाड ।
वाऱ्याशी ते द्वाड । बोले काही ॥

बोटांवर अक्षरं मोजायला सांगा. जोडाक्षर एकच मोजायचं, एवढा एक नियम पुरे. सहा, सहा, सहा, चार. मग तुकोबांचा एखादा अभंग फळ्यावर लिहा आणि काही न सांगता मोजायला लावा. सगळा वर्ग बोटं मोडत बसतो आणि मग कुणीतरी ओरडतं, "बाई, हा पण सहा-सहा-सहा-चार!" तो आनंद व्याख्या लिहून कधीच मिळत नाही.

*वृत्त.* इथे ऱ्हस्व अक्षर लघू आणि दीर्घ अक्षर गुरू. (अनुस्वार-विसर्गाचं अक्षर आणि जोराने उच्चारलेल्या जोडाक्षराच्या आधीचं अक्षरही गुरू धरतात, पण पहिल्या दिवशी हे सांगू नका.) लघूला बोटाने टिचकी, गुरूला टाळी. आता हे म्हणा :

शिवारात गेला जुना बैल माझा

शि-वा-रा, त-गे-ला, जु-ना-बै, ल-मा-झा. टिचकी-टाळी-टाळी, टिचकी-टाळी-टाळी, असं चारदा. बारा अक्षरं. या चालीचं नाव भुजंगप्रयात. भुजंग म्हणजे साप, प्रयात म्हणजे चालणं. सापासारखी वळसे घेत जाणारी चाल! समर्थ रामदासांचे मनाचे श्लोक याच वृत्तात आहेत, एकूण २०५. अनेक घरांत आणि शाळांत ते परिपाठाला म्हटले जातात. म्हणजे मुलांच्या तोंडात हे वृत्त आधीच आहे, फक्त त्याला भुजंगप्रयात म्हणतात हे माहीत नसतं.

आणखी एक गंमत. लग्नात मंगलाष्टका ऐकल्या नाहीत असं मूल आपल्याकडे सापडणार नाही. त्या बहुतेक शार्दूलविक्रीडित वृत्तात असतात, एका ओळीत एकोणीस अक्षरं. "शार्दूलविक्रीडित कोणकोण म्हणू शकतं?" असं विचारा, कुणीही हात वर करणार नाही. "मंगलाष्टकाची चाल कोण गुणगुणेल?" असं विचारा, सगळा वर्ग लग्नघर होतो!

चालीवरून काय कळतं?

एवढं मोजून करायचं काय, असा प्रश्न पालक विचारतात. बरोबर आहे. नुसतं मोजणं म्हणजे साहित्य नव्हे. पण मोजल्यावर पुढचा प्रश्न विचारता येतो : या कवीने हीच चाल का घेतली?

त्या काळी छापखाने नव्हते. पोथी हाताने उतरवायची आणि ती वाचता येणारी माणसंही थोडी. बाकी सगळं तोंडपाठ. कविता टिकायची तर ती जिभेवर बसायला हवी होती. यमक आणि अक्षरांचं माप हे आठवणीचे खुंटे होते. ओळ विसरली तर यमक आठवण करून द्यायचं. एखादं अक्षर गळलं तर चाल अडखळायची आणि चूक कळायची.

ओवी आणि अभंग म्हणायला सोपे आहेत. त्यांना लघू-गुरूचा काटेकोर हिशेब लागत नाही. ज्यांना ज्ञान संस्कृतात बंद होतं, त्यांच्याशी संतांना बोलायचं होतं. शेतकरी, कुंभार, शिंपी, दळणारी बाई यांच्या तोंडी बसेल अशी चाल त्यांनी घेतली. पुढे अठराव्या शतकात बारामतीला राहणाऱ्या मोरोपंतांनी आर्या रचल्या. त्यांत मात्रांचा नेमका हिशेब आहे, संस्कृत शब्दांची श्रीमंती आहे. कीर्तनकारांनी त्या उचलल्या आणि रंगवून सांगितल्या. त्यांचीच 'केकावली' पृथ्वी वृत्तात आहे. म्हणजे चाल कळली की कवीसमोर कोण बसलं होतं याचा अंदाज येतो. हे मुलांना सांगितलं की 'मध्ययुगीन काव्य' हा कोरडा शब्द जिवंत माणसांचा घोळका होतो.

दुसरा प्रश्न : डोळ्यांपुढे काय दिसलं?

उपमा, उत्प्रेक्षा, रूपक. या तिघांचा गोंधळ मुलांचाच नाही, मोठ्यांचाही होतो. एकच चित्र घेऊन बघू. आपल्या गावाबाहेर तळं आहे असं समजा.

- तळं आरशासारखं स्वच्छ आहे. (उपमा)
- तळं म्हणजे जणू आभाळाचा आरसाच! (उत्प्रेक्षा)
- तळ्याच्या आरशात चिंचेने केस विंचरले. (रूपक)

ज्याचं वर्णन करतो ते उपमेय, इथे तळं. ज्याच्याशी तुलना करतो ते उपमान, इथे आरसा. दोघांत सारखं काय, तर स्वच्छपणा, तो साधारण धर्म. आणि 'सारखं' हा साम्य दाखवणारा शब्द.

आपण मुलांना युक्ती सांगतो, 'सारखा, जसा, परी, सम' दिसलं की उपमा, 'जणू, भासे, गमे' दिसलं की उत्प्रेक्षा. परीक्षेपुरती ही युक्ती चालते. पण खरी ओळख अशी : दोन गोष्टी किती जवळ आल्या ते बघायचं. उपमेत तळं आणि आरसा शेजारी शेजारी बसलेत. उत्प्रेक्षेत तळं आरसाच असावं असं क्षणभर वाटून गेलं. रूपकात दोघं एक झाले, वेगळे काढताच येत नाहीत. शेजारी, वाटून जाणं, एक होणं. मुलांना हातांनी करून दाखवा, दोन्ही तळवे लांब, मग जवळ, मग जोडलेले. पुन्हा विसरत नाहीत.

आणि तिसऱ्या वाक्यात चिंच केस विंचरतेय ना? निर्जीव वस्तू किंवा झाडं माणसासारखी वागू लागली की ती चेतनगुणोक्ती. एकाच ओळीत दोन अलंकार! हे मुलांनी स्वतः शोधलं तर त्यांना खजिना सापडल्यासारखं होतं.

आता हे घेऊन ज्ञानेश्वरीकडे चला. तिथे एकेका गोष्टीसाठी उपमा आणि दृष्टांतांची माळच असते. आई आणि लेकरू, दिवा आणि प्रकाश, नदी आणि समुद्र, सोनं आणि दागिने. एका मुलाने विचारलं होतं, "बाई, एकदा सांगितलं तरी कळतं की. इतकी उदाहरणं कशाला?" फार चांगला प्रश्न! मी वर्गालाच विचारलं, "मी भागाकार शिकवते तेव्हा एकच उदाहरण देते का?" लगेच उत्तर आलं, "नाही, कुणाला लाडवाचं कळतं, कुणाला पैशाचं." तेच तर! ज्ञानेश्वरांना आत्मा, भक्ती, ज्ञान अशा न दिसणाऱ्या गोष्टी सांगायच्या होत्या. समोर वेगवेगळी माणसं होती. कुणी दिव्याने समजेल, कुणी नदीने. उपमा तिथे समजावण्यासाठी आली आहे. शोभा आपोआप आली.

तिसरा प्रश्न : कोण बोलतंय आणि कुणाशी?

अभंगाच्या पुस्तकात एका ओळीपुढे '॥ध्रु॥' असं छापलेलं असतं. मुलं हमखास विचारतात, हे काय? हे ध्रुपद. प्रत्येक कडव्यानंतर फिरून म्हणायची ओळ. म्हणजे हा अभंग एकट्याने डोळ्यांनी वाचण्यासाठी नाही, टाळकऱ्यांनी मिळून म्हणण्यासाठी आहे, हे त्या एका खुणेवरून समजतं. वर्गात तसाच म्हणून घ्या. एकाने कडवं, बाकीच्यांनी ध्रुपद.

शेवटी कवी आपलं नाव गुंफतो, ती नाममुद्रा. तुकाराम 'तुका' होतात, नामदेव 'नामा' होतात. एकनाथ 'एका जनार्दनी' म्हणतात, आपल्या नावाला जनार्दनस्वामी या गुरूंचं नाव जोडून. गंगाखेडची जनाबाई नामदेवांच्या घरी राबत होती, ती स्वतःला नामयाची दासी म्हणवते. तिच्या अभंगांत विठ्ठल तिच्याबरोबर दळायला-कांडायला येतो. नाममुद्रा कुठे आहे ते मुलांना शोधायला लावा आणि विचारा, हा माणूस स्वतःबद्दल काय सांगतोय? देवाशी कसा बोलतोय, घाबरून, भांडून की लाडाने? तुकोबा देवाशी चक्क भांडतात, हे कळलं की पाचवीच्या मुलांचे डोळे मोठे होतात. देवाशी असंही बोलता येतं?

एकनाथांची भारुडं याच प्रश्नासाठी उत्तम. वरवर बघावं तर कुणाला विंचू चावलाय आणि तो ओरडतोय. हसायला येतं. आतून बघावं तर तो विंचू म्हणजे मनातले काम-क्रोध. म्हणजे पूर्ण भारूड हेच एक लांबलचक रूपक. बोलणारं पात्र वेगळं आणि त्याच्या तोंडून सांगणारे एकनाथ वेगळे. वर्गात भारूड करून दाखवायला मुलांना द्या. ढोलकी नसेल तर बाकावर ठेका धरू द्या. रूपकाची व्याख्या दुसऱ्या दिवशी मुलंच तुम्हाला सांगतील.

आजीची ओवी आणि पुस्तकातली ओवी

एकदा ओवी शिकवून झाल्यावर मी घरचा अभ्यास दिला, "घरी कुणाला ओवी येते का, विचारून या." दुसऱ्या दिवशी एक मुलगी आली ती जरा हिरमुसलेलीच. तिच्या आजीने जात्यावरच्या ओव्या म्हणून दाखवल्या होत्या. माहेरच्या, भावाच्या वाटेकडे डोळे लावून बसण्याच्या. आता घरात जातं नाही, दळण गिरणीत जातं. पण म्हणताना आजीचा हात आपोआप गोल फिरत होता म्हणे. मुलीने त्या लिहून आणल्या, अक्षरं मोजली, ओळी मोजल्या. आणि म्हणाली, "बाई, आजीची ओवी चुकलीय. साडेतीन चरण होत नाहीत. दोनच ओळी आहेत."

मी त्या दिवशी पुढचा धडा बाजूला ठेवला. मुलांना सांगितलं, जात्यावरची ओवी जात्याच्या फेऱ्याने चालते. हात लांबला की ओळ लांबते, श्वास संपला की थांबते. ती पुष्कळदा दोन ओळींचीच असते. बायका पहाटे दळताना गात होत्या, तेव्हा त्यांच्यापुढे व्याकरणाचं पुस्तक नव्हतं. ग्रंथातली ओवी आणि जात्यावरची ओवी या एकाच घरातल्या दोघी आहेत. पुस्तकातल्या व्याख्येत एकीचं माप लिहिलंय, म्हणून दुसरी चुकीची ठरत नाही.

ती मुलगी घरी गेली आणि आजीला म्हणाली, "आजी, तू म्हणतेस ते साहित्य आहे." हे मला आजीनेच नंतर पालकसभेत सांगितलं.

मला वाटतं, संज्ञा शिकवण्यातला धोका आणि फायदा दोन्ही इथे दिसतात. संज्ञेची फूटपट्टी केली तर मूल स्वतःच्या आजीलाच चूक ठरवतं. संज्ञेची ओळख करून दिली तर त्याच मुलाला कळतं की पुस्तकातली थोर गोष्ट आपल्या स्वयंपाकघरातही आहे. साने गुरुजींनी 'स्त्री जीवन'मध्ये अशा ओव्या जमवल्या. पुढे हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांच्या प्रयत्नातून गावोगावच्या बायकांच्या एक लाखाहून अधिक ओव्या नोंदल्या गेल्या. तरी प्रत्येक घरातली ओवी कुणी नोंदवलेली नाही. ज्यांना त्या येतात त्या आज सत्तरी-ऐंशीत आहेत. आपल्या वर्गातल्या मुलांनी विचारलं नाही, तर विचारणारं दुसरं कुणी नाही.

बहिणाबाई चौधरींचं उदाहरण मुलांना जरूर सांगा. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, जात्यावर, चुलीपाशी त्या रचत होत्या. घरच्यांनी काही लिहून ठेवलं आणि १९५१ मध्ये त्या गेल्यानंतर पुढच्याच वर्षी, आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने, त्यांची गाणी पुस्तकात आली. लिहून ठेवलं नसतं तर आज आपल्याकडे काहीच नसतं.

जुने शब्द अडवतात, त्याचं काय?

हा खरा अडसर आहे. पण जुन्या मराठीत पुन्हा पुन्हा येणारे शब्द तसे थोडेच आहेत. हे एवढे तक्त्यावर लिहून वर्गात लावा :

- जैसा, तैसा : जसा, तसा
- म्हणौनि : म्हणून
- परी : पण (काही ठिकाणी 'सारखा' या अर्थानेही)
- मज, तुज : मला, तुला
- आपुला : आपला
- देखणे : पाहणे
- ठायी : ठिकाणी
- वाचोनि : शिवाय
- आघवा : सगळा
- येर : दुसरा, इतर
- लेकुरे : लेकरं

हे शब्द पाठ करून घेऊ नका. त्याऐवजी विचारा, यातला कुठला शब्द आजही बोलण्यात आहे? 'देखणा', 'ठायी ठायी', 'लेकरू' लगेच सापडतात. गावाकडची मुलं इथे पुढे असतात. ज्या बोलीबद्दल एरवी त्यांना "शुद्ध बोल" म्हणून टोकलं जातं, ती बोली जुन्या ग्रंथाच्या जवळची निघाली की त्यांची मान ताठ होते.

आणि प्रत्येक शब्दाचा अर्थ लागलाच पाहिजे, असा हट्ट धरू नका. नवं गाणं ऐकताना आपल्याला तरी सगळे शब्द कुठे कळतात? आधी आवडतं, मग कळत जातं.

एका आठवड्याची आखणी

रोज दहा मिनिटं पुरतात. परिपाठाला किंवा मराठीच्या तासाच्या सुरुवातीला.

सोमवार : एकच अभंग किंवा श्लोक निवडा. फक्त म्हणा, चालीत. अर्थ सांगू नका, फळ्यावर लिहू नका.
मंगळवार : पुन्हा म्हणा. पहिला प्रश्न, कानाला काय ऐकू आलं? टाळ्या, टिचक्या, अक्षरं मोजणं.
बुधवार : दुसरा प्रश्न, काय दिसलं? मुलांनी चित्र काढावं. एकाच ओळीची तीस चित्रं लावून बघा, चर्चा आपोआप होते.
गुरुवार : तिसरा प्रश्न, कोण कुणाशी बोलतंय? ध्रुपद आणि नाममुद्रा शोधा.
शुक्रवार : आता नावं द्या. यमक, उपमा, अभंग, जे सापडलं असेल तेवढंच. व्याख्या मुलांच्या शब्दांत फळ्यावर लिहा, मग पुस्तकातली शेजारी लिहून ताडून बघा.
शनिवार : पुन्हा म्हणा. आणि याच चालीत आपल्या गावावर, पावसावर, डब्यावर दोन ओळी जुळवा.

एका आठवड्याला एक कविता हे कमी वाटेल. पण वर्षात पंचवीस कविता मनात बसल्या तर ते थोडं नाही.

पालकांसाठी दोन शब्द

मार्कांची काळजी तुम्हाला असते, आम्हालाही असते. शिष्यवृत्तीला आणि पुढे दहावीला व्याख्या विचारल्या जातातच, त्या याव्याच लागतात. पण ऐकून-ओळखून आलेली व्याख्या मूल स्वतःच्या शब्दांत लिहू शकतं आणि अनोळखी ओळ समोर आली तरी गोंधळत नाही.

घरी तुम्ही काय करू शकता? व्याख्या म्हणून घेऊ नका. त्याऐवजी कवितेची चाल म्हणून घ्या. चूक काढू नका. घरात आजी-आजोबा असतील तर आठवड्यातून एकदा मुलाला त्यांच्याशेजारी बसवा आणि जुनं काही म्हणायला सांगा. ओवी, आरती, हरिपाठ, उखाणा, काहीही. मोबाईल आहेच हातात, आवाज नोंदवून ठेवा. मूल ते वहीत उतरवेल, अक्षरं मोजेल, यमक शोधेल. अभ्यासही होईल आणि घरचं धनही राहील.

या आठवड्यात एकच अभंग घ्या आणि सोमवारपासून सुरुवात करा. शुक्रवारपर्यंत 'अलंकार' हा शब्द तोंडातून काढू नका. मुलंच विचारतील, "बाई, याला काही नाव आहे का?" तेव्हा सांगा.

आपलीच,
एक प्राथमिक शिक्षिका